पुलाच्या अलीकडं वळलेली गाडी

सकाळी पीठ चाळत बसले होते, तेवढ्यात बालाजीचा फोन आला. त्याचं नाव बघितलं आणि चाळणी तशीच परातीत ठेवली, पण हात काही फोनकडं जाईना. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजायला लागला. शेवटी सुनेनं उचलून माझ्या कानाला लावला. "मोठीमाय," तो म्हणाला, "माय गेली." कशी गेली, म्हणून विचारलं तर म्हणाला, "झोपंतच गेली मनायलेत सगळे. पर मला वाटतं, ती जागी होती…"

मोठीमाय म्हणजे मी, बालाजीची थोरली चुलती. आणि गेली ती गया, माझी धाकटी जाऊ. माघातली गोष्ट, अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. मातीला आलेला जो तो म्हणत होता, सुटली बिचारी. मला काही ते सुटणं पटलं नाही. माझ्या हिशेबानं गया नवरात्रातच गेली, भर सकाळी, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुलाच्या अलीकडं, लेकाच्या जीपमध्ये बसलेली असताना. त्यानंतर माघापर्यंत आम्ही सांभाळलं ते तिच्यातलं जे काय उरलं होतं तेवढंच. हे असं कसं झालं ते सांगावं म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची शाळा माझी, कुठं मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

सोनपेठ तालुक्यातलं आमचं गाव. मालक गेल्यापासून मी मानवतला लेकाकडं असते, पण माझा सगळा संसार गावात झाला, आणि त्यातला बराचसा गयाच्या संगतीनं. ती नवी नवरी होऊन आली त्या आठवड्यात मला चुलीपुढं हळूच विचारते, "आक्का, तुमच्या घरात हसायला बंदी हाय का वो?" मी म्हणलं, "बंदी न्हाई, पर सासूबाई घरात हायेत." त्यावर ती जी हसली, की ओसरीवरून सासूबाई ओरडल्या आणि बोलणी मला बसली. जन्मभर तेच. हसायची ती आणि बोलणी खायची मी. अंगानं काटक, कधी ताप नाही की खोकला नाही. कापूस वेचायची तर दोन्ही हातांनी. बाकीच्या बाया एका हातानं बोंड धरून दुसऱ्यानं कापूस ओढायच्या, हिचे दोन हात दोन झाडांवर चालायचे, कोंबड्या दाणे टिपतात तसे. तिच्या ओळीत मागं पांढरा ठिपका सापडायचा नाही. सकाळी उठली की मिश्री लावायची, दुपारी पुन्हा लावायची, आणि कुणी काही बोललं तर काळं बोट दाखवून म्हणायची, "येवढा एकच शौक हाय बाईच्या जातीला, तोबी बगवंना का?"

ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात, दुसऱ्या वेचणीला, मी गावाकडं गेले होते. मी आता वेचत नाही, गुडघे ऐकत नाहीत. बांधावर तीन दगड मांडून बायांना चहा करून देते. तशी बसले होते आणि सहज गयाच्या ओळीकडं नजर गेली. डाव्या अंगाची झाडं साफ झालेली, उजव्या अंगाची जशीच्या तशी पांढरी. मला गंमत वाटली. हाक मारली, "गया, उजवीकडचा कापूस कुणासाठी ठेवायलीस गं? सवतीसाठी का?" ती हसायला म्हणून वळली… आणि अर्धीच हसली. तोंडाची डावी बाजू तेवढी हसली, उजवी तशीच लोंबत राहिली. उजव्या हातात कापूस होता, पण ओटीपर्यंत पोचायच्या आधीच तो बोटांतून गळत होता. खाली मातीत पडलेला कापूस ती बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातातून पडला असावा. काहीतरी म्हणली, पण दारू प्यालेल्या माणसासारखं जड, शब्दात शब्द अडकलेला. चहाचं पातेलं सोडून मी धावले.

"वारं गेलं गं हिच्या अंगावरून!" बाया ओरडल्या. एकीनं पदरानं तिचं डोकं कान बांधले, दुसरीनं तिला वाऱ्याच्या आडोशाला बसवलं. आमच्याकडं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की ते वारंच. आणि वाऱ्याची वाटही ठरलेली. गंगेच्या काठाकाठानं एक कच्चा रस्ता जातो, त्या रस्त्यावरच्या एका गावात पाल्याचा बाबा आहे. कसला तरी पाला चुरून त्याचा रस नाकात सोडतो, तेलानं अंग चोळून देतो, आणि घरी गेल्यावर दारं खिडक्या लावून बसा म्हणून सांगतो. पैसा मागत नाही. त्याची अट एकच. सुई टोचलेलं माणूस आणायचं नाही. सुई लागली की पाल्याचा गुण उतरतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळं वारं गेलेलं माणूस घेऊन निघालेले लोक वाटेत दवाखाना दिसला तर गाडी जास्तच जोरात पळवतात. चुकून कुणी सुई लावली तर!

बालाजीची काळीपिवळी जीप आहे, सोनपेठच्या बाजाराची माणसं वाहतो. त्यात गयाला घातलं, मी शेजारी बसले, मागं चार बाया चढल्या. खड्ड्याखड्ड्यातून गाडी चाललेली, गयाचं डोकं माझ्या खांद्यावर. बाबाच्या गावची शीव लागली, तिथं मारुतीचा दगड आहे, तो ओलांडला आणि गया एकदम सरळ होऊन म्हणाली, "बालाजी, हळू चालव की रं, डोस्कं आपटायलंय माझं." खणखणीत आवाज. मी तिचं तोंड धरून बघितलं, सरळ! हात वर कर म्हणलं, केला. मागच्या बाया रडायलाच लागल्या. "शिवंत पाऊल पडलं आन् गुण आला गं माय!" सगळ्यांनी बाबाच्या गावाकडं तोंड करून हात जोडले, मीही जोडले. डोळ्यादेखत माणूस बरं झालं होतं, दुसरं काय करणार? बाबानं त्या वेळी अजून पाला तोडलासुद्धा नव्हता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट त्यामुळंच बाबाचं नाव आणखी वाढलं. नुसत्या शिवेतच गुण येतो, म्हणून तालुकाभर झालं.

माझ्या मनात मात्र ते अर्धं हसणं रुतून बसलं होतं. मला स्वतःला बीपी आहे, परभणीला एका डॉक्टरीणबाईंकडं माझं जाणंयेणं असतं. गयाला "चल माझ्या सोबतीला" म्हणून एसटीत घातलं, आणि तिथं गेल्यावर माझ्याऐवजी तिलाच पुढं बसवलं. बाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. मी त्यांना शेतातलं सगळं सांगितलं. त्या गयाकडं बघून म्हणाल्या, "मावशी, त्याच दिवशी का नाही आलात?" गया म्हणाली, "बरं झालं की वो. तोंड सरळ झालं, हात उचलला. मग कशाला येऊ?"

"बरं झालं, हीच तर भीतीची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून आम्हा दोघींना समजावून सांगितलं. हे वारं नसतं. डोक्याकडं रक्त नेणारी शीर असते, तिच्यात गुठळी अडकते. कधी ती आपोआप विरते, माणूस घटकेत ठीक होतं, आणि घरचे म्हणतात काही नव्हतं. पण ज्याला एकदा असं होऊन गेलं, त्याला पुढच्या काही दिवसांत नाहीतर महिन्यांत मोठा झटका यायचा धोका फार. "पुन्हा असं वाटलं," त्या मला म्हणाल्या, "तर तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतंय का. दोन्ही हात समोर वर धरायला सांगा, एखादा खाली घसरतो का. आणि एक साधं वाक्य बोलायला सांगा, शब्द जड येतात का. यातलं एक जरी दिसलं, तरी बरं व्हायची वाट बघायची नाही. घड्याळ बघा, गाडी काढा, आणि जिथं डोक्याचा फोटो काढायची मशीन आहे अशा दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. आणि तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गिळायची ताकद गेलेली असते, श्वासाच्या नळीत जातं." कधी कधी एकदम डोळ्यापुढं अंधारी येते, चालताना झोक जातो, तेही अंगावर काढू नका म्हणाल्या.

गया सगळं ऐकत होती, पण नजर त्या पट्ट्यावर. बाईंनी विचारलं, "डोकं दुखतं?" न्हाई. "चक्कर?" न्हाई. "तंबाखू खाता?" गया केवढी तरी दुखावली. "छ्या वो! बाईमानूस मी. नुसती मिश्री लावते." बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी सांगितलं की मिश्री म्हणजे तंबाखूच, भाजला म्हणून काय झालं. मीठ कमी करा, पापड लोणचं बंद, आणि ही गोळी रोज, जेवल्यावर, न चुकता. दुखत नाही म्हणून सोडायची नाही, बीपी दुखत नसतंच.

परत येताना एसटीत गया म्हणते, "आक्का, त्या डाक्टरनीनं माझं सगळंच काढून घेतलं की वो. मीठ, लोणचं, पापड, मिश्री. नवरा तेवढा ठेवला." मी म्हणलं, "त्यालाबी मीठ कमीच घाल." पुढच्या बाकड्यावरचा माणूस मागं वळून बघेपर्यंत आम्ही दोघी हसलो.

गोळी तिनं घेतली, खोटं बोलणार नाही. मिश्रीही दोनदाची एकदा केली. पण उपास हे तिचं दुसरं घर होतं. सोमवार, दोन्ही एकादशा, चतुर्थी, श्रावणात तर विचारूच नका. मी फोन करायची, "गया, गोळी घेतलीस का?" तर म्हणायची, "आज सोमवार हाय."

"मग? सोमवारचा आन् गोळीचा काय संबंध?"

"जेवल्यावर घ्या मनल्या ना त्या? आज जेवणच न्हाई. मग घेऊ कशी?"

आता यात चूक काय काढणार! तिला जे सांगितलं ते ती तंतोतंत पाळत होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, ही गोळी पाण्यासोबत घेतली तरी चालते, चुकवायची तेवढी नाही. गयाला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मी ओळखून होते… एखाद्यानं आतून कडी लावावी तसं असायचं. वर उपासाला तळलेलं साबुदाण्याचं, बटाट्याचं, आणि त्यावर उपासाचं मीठ, ते मीठ वेगळं म्हणून सढळ हातानं.

नवरात्रात आमच्या घरी घट बसतो. गया नऊ दिवस धरायची. म्हणजे नऊ दिवस जेवण नाही, म्हणजे नऊ दिवस गोळी नाही. सातवी माळ होती त्या दिवशी. सकाळी तिची सून सविता हिचा फोन. "मोठ्या आत्याबाई, घटाला पाणी घालायल्या होत्या, हातातून तांब्या पडला."

"तोंड बघ तिचं."

"वाकडं झालंय."

"हात?"

"उजवा उचलंना. आन् बोलायल्यात ते कळंना."

मी म्हणलं, "ऐक. सरळ परभणी. कुठं थांबायचं न्हाई, पाणी पाजायचं न्हाई. मी हायवेला उभी राहते, मला गाडीत घ्या." आमच्या गावाहून परभणीला जायचं तर गंगेचा पूल ओलांडून मानवतवरूनच जावं लागतं. मी पिशवीत गयाचे जुने रिपोर्ट कोंबले, शाल घेतली, सुनेला सांगितलं आणि हायवेला जाऊन उभी राहिले.

ऊन चढायला लागलं. सोयाबीनची पोती भरलेले टेम्पो जात होते, देवीच्या ज्योती घेऊन पोरं पळत चालली होती. लांबून काळीपिवळी दिसली की मी रस्त्यावर पुढं व्हायची, जवळ आली की दुसरीच निघायची. मनात हिशेब चाललेला, आता गाव सोडलं असेल, आता फाट्याला आले असतील, आता पूल… पुलावरून मानवतपर्यंत यायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ झाला. बालाजीला फोन लावला.

"कुठं हायेस रं?"

"पुलाच्या अलीकडं, मोठीमाय. थांबलोय."

"थांबलास कामून?"

"माय हात करायलीय."

"कसला हात?"

"डाव्या हातानं… गंगंकाठच्या रस्त्याकडं. बाबाकडं चल मनायलीय."

त्या पुलाच्या अलीकडंच तो कच्चा रस्ता फुटतो. सरळ गेलं की परभणी, वळलं की बाबा. मी भर हायवेवर ओरडले, "बालाजी, तिला आज सुई पायजे, पाला न्हाई! पूल वलांड तू!" तो रडकुंडीला आला होता. "मोठीमाय, पैल्यांदा तिथंच उतार पडला होता. समद्यांनी बघितलंय. आन् सुई लावली, ती बी लागू न्हाई पडली, तर मग पालाबी कामाचा न्हाई. मग काय करू मी? माय सवता हात करायलीय… तिचं न्हाई ऐकू तर कुणाचं ऐकू?" मागून माझ्या दिराचा, ज्ञानोबा भावजींचा, आवाज आला, "वळव रं, येळ कामून घालवायलास?" आणि गाडीचा गियर पडल्याचा आवाज. फोन बंद.

गाडीत काय झालं ते सवितानं मला नंतर सांगितलं. शीव जवळ आली तसे सगळे गयाच्या तोंडाकडं टक लावून बसले. मारुतीचा दगड मागं गेला. काही झालं नाही. बालाजीनं गाडी थांबवली. मागं घेतली, शिवेच्या बाहेर नेली, आणि पुन्हा हळूच आत घातली. सविता म्हणाली, "मोठ्या आत्याबाई, दोनदा केलं त्यांनी तसं. गाडी मागं घेताना आत्याबाई त्यांच्याकडंच बघायल्या होत्या." बाबानं आधी विचारलं, सुई लावली का? नाही म्हणल्यावर पाल्याचा रस काढून नाकात सोडला, तोंडातही घातला. गयाला जो ठसका लागला, तो थांबेना, डोळे पांढरे झाले. बाबा म्हणाला, सुई न्हाई ना लावली, मग गुण येतो, जरा दम धरा. ते दम धरून बसले. झाडाची सावली एका अंगाची दुसऱ्या अंगाला गेली तोवर बसले. दुपारी उलटी झाली आणि ती डोळे उघडेना, तेव्हा कुठं गाडी पुलाकडं निघाली.

मी तोवर एसटीनं परभणीला दवाखान्याच्या दारात जाऊन बसले होते. तिला आत नेलं, डोक्याचा फोटो काढला. एक तरणे डॉक्टर बाहेर आले, त्यांनी विचारलं, "शेवटच्या ठीक कधी होत्या?" बालाजीनं मान खाली घालून सांगितलं, सकाळी, घटाला पाणी घालताना. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "इंजेक्शनची वेळ निघून गेली," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे महिने काय सांगू. गया घरी आली, पण उजवं अंग आलं नाही, बोलणं आलं नाही. "हां" एवढा एकच आवाज राहिला, भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां, मला बघितलं तरी हां. बायांनी वारं लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्यांना पोती लावली होती. मी गेले की आधी ती पोती काढायची. उजेड आत आला की गया डोळे बारीक करून बाहेरच्या लिंबाकडं बघत राहायची. बालाजी तिच्यासमोर बसायला धजत नव्हता, दारातूनच विचारून जायचा. एकदा मी तिथं असताना तिनं डाव्या हातानं त्याला बोलावलं. तो आला, खाटेच्या कडेला टेकला. तिनं तो हात त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. पेज भरवताना रोज ठसका लागायचा. छातीत कफ झाला, दोनदा परभणीला नेलं, दोनदा परत आणलं. तिसऱ्यांदा न्यायची वेळ आली नाही.

खरं सांगते, तिच्या जाण्याचं भय मला त्या दिवशी वाटलं नाही तेवढं तेराव्याला वाटलं. मांडवात पंगत उठली होती, माणसं पान खात बसली होती. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "पैल्या खेपंला शिवंत पाऊल पडताच उठून बसली होती बाई. या खेपंला नवरात्रातला वार चुकला, दुसरं काय?" दुसरा म्हणाला, "उशीर झाला. अजून जरा लवकर न्यायला पायजे होतं बाबाकडं." आणि तिसरा, परगावाहून आलेला, शेजारच्याला विचारत होता, "कोणता रस्ता म्हणलाव तो? आमच्या मायचं बी तोंड परवा जरासं वडल्यासारखं झालं होतं. आता बरं हाय…" गया मेली तरी बाबाच खरा ठरला होता! मी उठले. बायामाणसानं पुरुषांच्या घोळक्यात बोलायची आमच्याकडं रीत नाही, पण मी बोलले. म्हणलं, "आरं, पैल्या खेपंला गुण शिवंचा न्हवता, पाल्याचा तर न्हवताच न्हवता. गुठळी आपली आपण विरली होती. तो इशारा होता, आमी त्याला इलाज समजून बसलो. तुझ्या मायचं बरं झालंय म्हणतोस ना? मग आजच ने तिला परभणीला. बरं झालंय म्हणूनच ने."

म्हातारा म्हणाला, "वैनीबाई आता डाक्टर झाल्या का?" चार जण हसले. तेवढ्यात बालाजी, जो तेरा दिवसांत कुणाशी धड बोलला नव्हता, खांबाला टेकून उभा होता तिथूनच म्हणाला, "ज्याला कुणाला गंगंकाठी जायचं आसंल त्यानं दुसरी गाडी बघावी. माझी जीप त्या रस्त्याला जाणार न्हाई. परभणीला जायचं आसंल तर कवाबी उठवा, पैसे न्हाई घेणार." मग कुणी हसलं नाही. तो तिसरा माणूस मायला घेऊन गेला की नाही, ते मला ठाऊक नाही. जाऊन आला असेल अशी आशा धरते.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भावजींना जीपमध्ये घालून परभणीला नेलं. "मला काय झालंय? माझं डोकं बी दुखंना," ते म्हणत राहिले. बीपी निघालं, साखरही निघाली. आता सविता स्वयंपाकात मीठ बेतानं घालते, पानात वरून मीठ वाढत नाही, आणि सकाळी गोळी हातावर ठेवते, उपास असो नसो. संध्याकाळी बालाजी त्यांना मळ्यापर्यंत चालवून आणतो. तंबाखूची चंची अजून सुटली नाही, पण रोज थोडी कमी होतेय म्हणतात. आणि मी सकाळी उठल्याबरोबर त्यांना फोन करते. काय म्हणताय, यासाठी नाही. कसं म्हणताय, ते ऐकायला. एक पुरं वाक्य बोलायला लावते. सुरुवातीला ते वैतागायचे, "काय बोलू वैनी, सकाळी सकाळी?" मी म्हणायची, "कायबी बोला, पर सरळ बोला." मग म्हणायचे, "आज आभाळ हाय." नाहीतर, "म्हैस आटायलीय."

आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. भावजींनी उभ्या जन्मात गयाला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. अगं, नाहीतर बालाजीची माय. आज सकाळी फोन केला. म्हणलं, बोला भावजी, एक वाक्य. मग म्हणाले, "गया असती तर आता ज्वारीला पाखरं राखायला…" आणि पुढचे शब्द जड झाले, एकमेकांत गुंतले, आणि आवाज थांबला.

"भावजी? परत म्हणा. भावजी, तेच परत म्हणा!" काही नाही. नुसती घरघर. मी ओरडले, "बालाजीऽ! बालाजी, पळ रं, बापाजवळ जा!" पायांचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज, मग बालाजी, "आलो, आलो मोठीमाय."

"हसायला सांग त्यांना. दोन्ही हात वर करायला सांग."

फोनमधून भावजींचा आवाज आला, ओला, तुटका, "वैनी, घसा भरून आलाय वो… दुसरं काही न्हाई."

"ते मी मागनं ऐकते. आधी हात वर करा."

अंगणात कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. मग बालाजी म्हणाला, "वर हायेत, मोठीमाय. दोन्ही सारखे वर हायेत. तोंडबी सरळ हाय. रडायलेत नुसते."

"खाली घेऊ का आता, वैनी?" भावजींनी विचारलं.

मी म्हणलं, जरा थांबा. अजून थोडा वेळ तसेच राहू द्या.